यान मोठंच बांधा

विज्ञानपटातलं एखादं यान फोम बोर्डातून आपल्या हातांनी बांधायचं मनात असेल आणि 'आधी एक छोटंसं करून बघू' असं ठरवलं असेल, तर तो बेत बदला. मोठं बांधा. निदान तीन फूट, घरात जागा असेल तर चार. लहान ते सोपं आणि मोठं ते अवघड असा आपला समज असतो. फोम बोर्डाच्या बाबतीत तो उलटा आहे. वीतभर यानावर एक मिलिमीटर चुकला की तो कायम डोळ्यांत खुपतो. चार फुटी यानावर तोच मिलिमीटर रंगाच्या दुसऱ्या हाताखाली नाहीसा होतो. शिवाय पाच मिलिमीटर जाडीच्या बोर्डातून वीतभर यानाचे कोपरे काढणं म्हणजे कुऱ्हाडीने पेन्सिलीला टोक काढणं आहे.

दुसरं कारण पैशाचं. परदेशी किट मागवलं तर किमतीवर टपालखर्च आणि जकात चढते, आणि किटमधला एक तुकडा चुकीचा कापला की खेळ संपला. बोर्डाचं तसं नाही. सांगाड्याची फासळी चुकली? फेका, दुसरी कापा. ज्या कामात चूक स्वस्त असते त्या कामात हात लवकर बसतो.

ज्यांची यानं पाहून आपल्याला हा नाद लागला, त्यांनीही मोठीच बांधली. स्टॅन्ली कुब्रिकच्या '२००१ : अ स्पेस ओडिसी' (१९६८) या चित्रपटातल्या डिस्कव्हरी यानाचं मोठं मॉडेल ५४ फूट लांब होतं. 'स्टार ट्रेक' मालिकेसाठी १९६४ साली बांधलेलं एंटरप्राइज ११ फुटांहून थोडं जास्त, बहुतांशी लाकडाचं आणि वजनाला ९० किलोच्या आसपास. मॉडेल मोठं असलं की पुढचं आणि मागचं टोक कॅमेऱ्यात एकाच वेळी स्पष्ट धरणं सोपं जातं आणि बारीक काम हाताने करता येतं.

पण इथेच एक मेख आहे. १९७७ च्या 'स्टार वॉर्स'मध्ये सुरुवातीलाच एक प्रचंड त्रिकोणी जहाज डोक्यावरून सरकत जातं आणि संपता संपत नाही. त्या स्टार डिस्ट्रॉयरचं मॉडेल जेमतेम तीन फुटांचं होतं. १९८० च्या पुढच्या चित्रपटासाठी आठ फुटी केलं, पण जगाची छाती पहिल्यांदा दडपली ती तीन फुटांच्या मॉडेलने, कारण त्यावरचं काम बारीक होतं. म्हणून माझं सांगणं असं: लांबी हातांच्या सोयीसाठी मोठी घ्या आणि डोळ्यांना पटवण्याचं काम बारकाव्यांवर सोपवा. नुसतंच लांब यान पुठ्ठ्याचं खोकं दिसतं.

बारकावे किती बारीक, हे अंदाजाने ठरवू नका. हिशेब करा. कथेतला स्टार डिस्ट्रॉयर १६०० मीटर लांब आहे. तुमचं यान १२० सेंटिमीटरचं असेल, तर प्रमाण झालं साधारण १ : १३३३. या मापात पाच फूट सात इंची माणूस १.३ मिलिमीटरचा आणि तीन मीटर उंचीचा एक मजला सव्वादोन मिलिमीटरचा. आता तुम्ही हौसेने ३ मिलिमीटरच्या ड्रिलने खिडक्या पाडल्यात, तर प्रत्येक खिडकी चार मीटर व्यासाची झाली, म्हणजे मजल्यापेक्षा उंच. बघणाऱ्याने हा हिशेब केलेला नसतो, पण त्याच्या डोळ्याला तो कळतो आणि सोळाशे मीटरचं जहाज क्षणात बसएवढं होऊन बसतं.

हेच १२० सेंटिमीटर 'स्टार वॉर्स'मधल्याच मिलेनियम फाल्कनला दिलेत तर गोष्ट पार बदलते. ते जहाज सुमारे ३५ मीटरचं. प्रमाण १ : २९, माणूस जवळजवळ ६ सेंटिमीटरचा. तिथे दारं, नळ्या, झाकणं, शिडीचे पाय सगळं दिसायलाच हवं. तेव्हा पहिली रेघ मारण्याआधी एक आकडा काढून टेबलासमोरच्या भिंतीवर चिकटवा: आपल्या यानात माणूस किती मिलिमीटरचा? पुढे प्रत्येक वेळी काही चिकटवताना त्या आकड्याकडे बघा.

यान कुठलं निवडायचं, यात भावनेला थोडं बाजूला ठेवा. एंटरप्राइज कितीही आवडत असलं तरी ते पहिलं घेऊ नका. त्याची तबकडी, गोल नळकांडी, निमुळती होत जाणारी खालची कुडी हे सगळं वळणांचं काम आहे, आणि सपाट बोर्ड एका दिशेने वळतो, दोन दिशांनी वळत नाही. फाल्कनची थाळीही दिसते तितकी सपाट नाही. पहिलं यान सपाट पाट्यांचं हवं. त्यासाठी स्टार डिस्ट्रॉयरइतकं सोयीचं दुसरं नाही. त्यात एक अशी सवलत आहे जी बहुतेकांच्या लक्षात येत नाही: त्याच्या वरच्या आणि खालच्या पाट्या कडेला एकमेकींना टेकतच नाहीत. मधे सगळीकडून एक खोल पन्हळ जाते. तिरपे कोन तंतोतंत जुळवून दोन पाट्यांची धार मिळवणं हे या कामातलं सर्वांत किचकट प्रकरण, आणि इथे मूळ आराखड्यानेच तुम्हाला त्यातून सोडवलं आहे.

दुसरं यान डिस्कव्हरी घ्या. लांब कणा, त्यावर ओळीने खोकी, मागे इंजिनं, पुढे एक गोळा. गोळा बोर्डातून करायच्या फंदात पडू नका. हस्तकलेच्या दुकानात थर्माकोलचे किंवा प्लास्टिकचे चेंडू मिळतात, त्यांच्या मापावरून बाकीच्या यानाचं माप ठरवा. या यानाच्या सुरुवातीच्या आराखड्यांत अणुभट्टीची उष्णता बाहेर टाकायला मोठे पंखांसारखे पत्रे होते, पण ते बघून लोकांना हवेत उडायचे पंख वाटतील म्हणून गाळले गेले. कुणी विज्ञानाच्या शिक्षकाने 'याची उष्णता जाते कुठे?' असं विचारलं, तर प्रश्न रास्त आहे असं मान्य करा.

आता बोर्ड. दुकानात 'फोम बोर्ड' मागितला की दोनपैकी काहीही हातात पडतं, आणि पुढचा निम्मा मनस्ताप तिथूनच सुरू होतो. आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांच्या दुकानात मिळतो तो खरा फोम बोर्ड: दोन्ही बाजूंना कागद, मध्ये पॉलिस्टायरिनचा फेस. वजनाला अगदी हलका, कटरने लोण्यासारखा कापला जातो, अर्धा चिरून दुमडता येतो. साइनबोर्डवाल्याकडे मिळतो तो सनबोर्ड. तो आरपार पीव्हीसीचा, कागद नाही, बराच जड, पण ओलाव्याला दाद देत नाही आणि कडा स्वच्छ निघते. मोठं शीट आठ बाय चार फुटांचं असतं, पण ते विकत घ्यायची घाई करू नका. साइनबोर्डवाल्याशी ओळख करा. त्याच्याकडे कातरणांचा ढीग असतो, कार्यक्रम संपल्यावर परत आलेल्या स्टँडी आणि कटआउट असतात. वरचं छापील स्टिकर सोलून टाका, कारण त्यावर काही धड चिकटत नाही. आणि आळस करून नाही सोललंत, तर ती बाजू निदान आत ठेवा. स्टार डिस्ट्रॉयरच्या पोटात कुणा भाऊंचा वाढदिवसाचा हसरा चेहरा राहिला तरी बाहेरून कळत नाही.

माझी निवड अशी: फासळ्या सनबोर्डच्या कातरणांतून, वरची कातडी कागदी फोम बोर्डाची. मात्र मुंबई, कोकण, गोवा इथे राहत असाल तर कातडीही ३ मिलिमीटरच्या सनबोर्डचीच करा. पावसाळ्यात कागदी बोर्ड ओल धरतो, फुगतो, वाकतो आणि त्यावर बुरशीचे ठिपके येतात. नुसता थर्माकोल मात्र शक्यतो टाळा. तो ठिसूळ, त्याला धार राहत नाही, आणि २०१८ पासून महाराष्ट्रात त्याच्या सजावटीवर बंदीही आहे. त्या बंदीनंतर अनेक मखरवाले पुठ्ठ्याकडे वळले, आणि दुमडून, खाचा जोडून भक्कम डोलारा उभा करण्याचं कसब त्यांच्यापाशी आहे. ओळखीत कुणी असं मखर करत असेल तर गणपतीआधीच्या दिवसांत त्याच्याकडे जाऊन नुसतं बसा आणि बघा.

डिंकाची चूक सर्वांत महाग पडते. फेविकॉल पाणी उडाल्यावर धरतो. म्हणून कागदी बोर्डावर तो उत्तम, पण सनबोर्ड पाणी शोषत नाही, तिथे तो नुसता सालीसारखा निघून येतो. फेविक्विक सनबोर्डला घट्ट धरतं, पण कागदी बोर्डाच्या कडेला लागलं की आतला फेस खाऊन पोकळी करतं. फेविबॉन्डही फेस विरघळवतो. ग्लू गन दोन्हीवर चालते, मात्र गोंद लवकर थिजतो, त्यामुळे लांब सांध्याला तुकड्यातुकड्याने लावावा लागतो. काहीही नवीन वापरण्याआधी कातरणावर लावून रात्रभर ठेवा आणि सकाळी बघा.

कापण्याबद्दल थोडक्यात. स्टीलची पट्टी, खाली कटिंग मॅट आणि कटरला नवीन पातं. बोर्ड एका दमात कापायला जाऊ नका. पहिल्या हाताला वरचा कागद, दुसऱ्याला फेस, तिसऱ्याला खालचा कागद. पातं बोथट झालं की फेस फाटतो आणि कड उंदराने कुरतडल्यासारखी दिसते. पात्याचं टोक सारखं मोडत राहा, कंजूषपणा करू नका. मोडलेली टोकं डबीत टाका, केरात नको, केर भरणाऱ्याचे हात कापतात. मुलं बरोबर असतील तर कटर मोठ्यांच्या हातात आणि आखणी, चिकटवणं, रंग मुलांच्या. पट्टी धरलेला हात पात्याच्या वाटेत कधीच नको, हे मुलांना सांगाल, स्वतःही पाळा.

सगळ्यात जास्त वेळ सांगाड्याला द्या. उत्साहात माणूस थेट मोठ्या पाट्या कापून त्रिकोण उभा करतो. पहिल्या दिवशी तो झकास दिसतो आणि महिन्याभरात मधोमध झोळ पडतो. याचं कारण साधं यांत्रिकीचं आहे. दोन टोकांवर टेकलेल्या पाटीची जाडी तीच ठेवून लांबी दुप्पट केली, तर तिचा स्वतःच्या वजनाने पडणारा झोळ दुप्पट होत नाही, सोळापट होतो. याची दुसरी बाजू आपल्या फायद्याची आहे: आधारांमधलं अंतर निम्मं केलं की झोळ एक सोळांशच उरतो. म्हणून जाड बोर्ड घेण्यापेक्षा फासळ्या वाढवा. पाच मिलिमीटरच्या कातडीखाली दर १५ सेंटिमीटरला एक फासळी असली की चार फुटी यान वर्षानुवर्षं सरळ राहतं.

रचना अशी करा. मधून लांबीभर उभा कणा. त्याला ठरावीक अंतरावर वरून अर्ध्या उंचीच्या खाचा, आणि फासळ्यांना खालून तशाच खाचा. दोन्ही एकमेकांत बसवल्या की डिंक लावण्याआधीच सांगाडा उभा राहतो. खाचेची रुंदी बोर्डाच्या जाडीइतकीच ठेवा. दुकानदार सांगतो ती जाडी धरू नका, स्वतः मोजा, कारण 'पाच मिलिमीटर' म्हणून विकलेला बोर्ड बऱ्याचदा थोडा कमीच भरतो. फासळीचा डावा आणि उजवा भाग वेगवेगळा आखू नका. कागदावर अर्धीच फासळी काढा, कागद मधोमध दुमडून कापा, उलगडा, मग बोर्डावर ठेवा. बरोबरी आपोआप येते. आणि कण्याच्या बाजूने ॲल्युमिनियमचा चौकोनी पाइप पुढून मागपर्यंत घाला. बोर्ड आकार देतो, वजन पाइपने उचलायचं.

स्टँडची जागा आत्ताच ठरवा. यान पुरं झाल्यावर खालून भोक पाडायला जाल तर नेमकी तिथे फासळी येते. पाइपला खालच्या बाजूला एक नट पक्का बसवून ठेवा, तोल साधेल अशा ठिकाणी. हा तोल लांबीच्या मधोमध नसतो. डिस्ट्रॉयरसारख्या त्रिकोणी यानात तो मागे, इंजिनांच्या बाजूला सरकलेला असतो. सांगाडा बोटावर तोलून बघा, मग खूण करा, पण इंजिनं आणि वरचा मनोरा बसल्यावर तो अजून मागे जाणार हे धरून चाला.

हे सगळं बोर्डावर करण्याआधी जाड कार्डशीटमधून चौथाई मापाचं एक कच्चं यान करा. आकृती मोठी करायला चौकटी पाडण्याची पद्धत पुरते. भिंतीवर जाहिराती रंगवणारे पेंटर पिढ्यान्‌पिढ्या तेच करत आले. कच्चं यान दोन दिवस डोळ्यांसमोर ठेवा. मनोरा फार उंच आहे, नाक फार बोथट आहे, हे कागदावर कळत नाही, तिथे कळतं.

कातडी चढली की खरी परीक्षा कडांची. कुठलंही फोम बोर्डाचं काम लांबून ओळखू येतं ते उघड्या कडेमुळे: दोन कागदांमध्ये फेसाची पांढरी रेघ. ती झाकण्याचा चांगला मार्ग म्हणजे एका पाटीच्या कडेचा बोर्डाच्या जाडीइतका पट्टा चिरून वरचा कागद आणि फेस काढून टाकायचा, खालचा कागद तेवढा ठेवायचा. दुसरी पाटी त्या खाचेत बसते आणि शिल्लक राहिलेला कागद तिची कड झाकतो. जिथे हे जमणार नाही तिथे पातळ कागदाची पट्टी फेविकॉलने चिकटवा. सनबोर्डला एवढं करावं लागत नाही, फटीत थोडी लांबी (पुट्टी) भरून पॉलिश पेपर मारला की झालं. या टप्प्याला कंटाळा येतो. लोक इथेच घाई करतात आणि पुढे त्यावर हजार बारीक तुकडे चिकटवून ती झाकायला बघतात. झाकली जात नाही.

आता ते बारीक तुकडे. 'स्टार वॉर्स'च्या कारागिरांनी दुकानातली रणगाड्यांची, युद्धनौकांची, रेसिंग गाड्यांची प्लास्टिक किटं आणून त्यांचे भाग आपल्या यानांवर चिकटवले. अशा तुकड्यांना त्यांच्यात ग्रीब्ली म्हणतात. आपल्याला तेवढी किटं परवडत नाहीत आणि गरजही नाही. पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोर बाजार, नाहीतर कोपऱ्यावरचा भंगारवाला. मेलेले कीबोर्ड, प्रिंटर, चार्जर, कॅल्क्युलेटर उघडा, आत जे प्लास्टिक निघतं ते कुणीतरी विचार करून आखलेलं असतं आणि म्हणून यंत्रासारखं दिसतं. रिकामी गोळ्यांची पाकिटं, पेनची टोपणं, कापलेल्या स्ट्रॉ यांतून टाक्या आणि नळ्या होतात. दोन पथ्यं मात्र पाळा. ओळखू येणारी वस्तू वापरू नका, कारण एकदा का कुणाला रेझर दिसला की त्याला पुन्हा यान दिसत नाही. आणि सगळीकडे सारखी खडबड करू नका. स्टार डिस्ट्रॉयरचे वरचे उतार बऱ्यापैकी मोकळे आहेत, त्यांवर बारीक रेघांच्या पाट्या तेवढ्या. गर्दी आहे ती कडेच्या पन्हळीत आणि मागच्या मनोऱ्यावर. मोकळ्या मैदानाशेजारी दाट वस्ती असली की मैदान मोठं वाटतं. १ : १३३३ मध्ये तर या पाट्या साध्या कागदाच्याच करा, बोर्डाच्या केल्या तर त्या काही मीटर जाडीच्या होतील.

रंगाला फार डोकं लावू नका. भिंतीच्या पाणी-रंगाचा म्हणजे इमल्शनचा करडा, छोट्या रोलरने, दोन हात. कागदी बोर्डाला एकाच बाजूने रंग दिला की तो वाकतो, म्हणून कातडी चढवण्याआधी आतूनही एक हात मारून घ्या. स्प्रे कॅन उघड्या फेसावर गेला तर फेस वितळतो, त्यामुळे आधी कडा बंद आणि इमल्शनचा थर, मगच स्प्रे. सगळं यान एकाच करड्या रंगाचं ठेवू नका. त्यात चिमूटभर निळा, चिमूटभर पिवळा घालून दोन-तीन छटा करा आणि काही पाट्यांना त्या द्या. फरक दिसता कामा नये, फक्त भासला पाहिजे.

दिवे लावायचे असतील तर बारा व्होल्टची एलईडी पट्टी आणि अडॅप्टर यानाबाहेर. २३० व्होल्टची तार बोर्डाच्या आत नको, कितीही खात्री असली तरी नको. पांढऱ्या सनबोर्डातून उजेड झिरपतो आणि सगळं यान आकाशकंदिलासारखं उजळतं, म्हणून आतून आधी काळा रंग, त्यावर पांढरा. आणि तारांना वाट ठेवा. एंटरप्राइजच्या मॉडेलला दिवे बसवले तेव्हा तारा डाव्या बाजूने बाहेर काढाव्या लागल्या, त्यामुळे मालिकेत ते जवळजवळ नेहमी उजव्या बाजूनेच दिसतं.

राहता राहिली जागा. आजच टेप घेऊन खोलीचं दार, जिन्याचं वळण आणि लिफ्ट मोजा. चार फुटी डिस्ट्रॉयरची मागची रुंदी सव्वादोन फुटांच्या वर जाते आणि मनोऱ्यासकट ते वळवायला दारापेक्षा जास्त जागा लागते. मनोरा वेगळा निघेल असा बसवा आणि शक्य असेल तर यान दोन भागांत करून सांधा एखाद्या पाटीच्या रेघेखाली लपवा. उन्हाळ्यात बंद गाडीच्या काचेमागे ते ठेवू नका, पीव्हीसी मऊ पडतं.

घरात ठेवायला जागाच नसेल तर ते कुणाला तरी द्या, पण टाकू नका. '२००१'ची बहुतेक मॉडेलं चित्रीकरणानंतर नष्ट झाली. त्यातलं चंद्रावर उतरणारं एरीज हे गोल यान वाचलं आणि २०१५ साली लिलावात ३ लाख ४४ हजार डॉलरना गेलं. एंटरप्राइज १९७४ मध्ये अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयाला देण्यात आलं. तिथे ते बरीच वर्षं छताला टांगलेलं होतं, मधली काही वर्षं संग्रहालयाच्या दुकानात उभं होतं, आणि २०१६ मध्ये पुन्हा दुरुस्त होऊन मुख्य दालनात आलं. तुमच्या यानाला शाळेची प्रयोगशाळा किंवा गावातलं वाचनालय पुरेसं आहे. द्यायचं ठरवलंत तर आधी मुख्याध्यापकांना विचारून घ्या की ते कपाटावर ठेवणार आहेत की छताला टांगणार. टांगणार असतील तर आतल्या पाइपला पुढे-मागे दोन ठिकाणी तार अडकवायची कडी लागेल, आणि ती कातडी चढवण्याआधीच बसवावी लागेल.